सूचक मी, अनुमोदक कोण?

जगातला कोणताही प्रश्न हात वर केल्याने सुटतो, यावर इतका अढळ विश्वास असलेली दुसरी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. परळीतल्या आमच्या चेअरमन मावशी एका लहानशा महिला दूध सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. दुष्काळात गावातल्या म्हशी काही विकल्या गेल्या, काही चारा छावणीत गेल्या, सोसायटीला कुलूप लागलं. पण मावशींनी पद सोडलं नाही. "सोसायटी बुडाली, बाई. चेअरमन कुठं बुडलीय?" असं त्या ठणकावून विचारत. सभा घ्यायला जागा उरली नाही म्हणून त्यांनी सगळा कारभार विहारात आणला. बुद्धपौर्णिमेच्या खिरीत साखर घालायची की गूळ, यावर मतदान होई. साखरेच्या बाजूने साखर कारखान्यात कामाला असलेली झाडून सगळी मंडळी, गुळाच्या बाजूने एकट्या मावशी. आणि खीर दरवर्षी गुळाची होई. घरी सुनेने चहात आलं घालावं का, हाही ठरावच. एका लग्नात तर वधूवरांनी हार हातात घेतल्यावर त्या उठल्या आणि "कुणाची हरकत?" म्हणून एवढा वेळ थांबल्या की नवरदेवाला घाम फुटला. शेवटी त्याचा बापच ओरडला, "मावशे, मंजूर करा की, पोरगं पडंल!"

तुमच्या आजोबांची बदली परळीच्या वीज केंद्रात झाली, तेव्हा मी औरंगाबादच्या शाळेतली इंग्रजीची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर आले. लहानपणापासून माझा रविवार आईशेजारी बसून म्हटलेल्या वंदनेने सुरू होई. परळीत तो सुरूच होईना. कॉलनीजवळच्या विहारात गेले, तर बायकांनी विचारलं, "साहेब कोणत्या पोस्टवर?" उत्तर ऐकून त्या पुन्हा आपापसांत बोलू लागल्या. दुसऱ्या विहारात तेही कुणी विचारलं नाही. वंदना संपली, घोळके घोळके करून सगळे गेले, आणि दाराशी माझ्या एकटीच्या चपला उरल्या. घरी येऊन मी आजोबांना सांगितलं, "आता एकदाच जाईन. तिथेही असंच झालं तर घरीच तसबिरीसमोर बसेन. पुन्हा कुठे जायची नाही."

तिसरा विहार रेल्वे रुळांपलीकडे, पत्र्याचा. मी पांढऱ्या साडीला कडक इस्त्री करून, बाजारातून ताजी फुलं घेऊन गेले. अंगणात गुडघ्याएवढं पिंपळाचं रोप होतं आणि त्याभोवती सगळे तांब्या घेऊन उभे. टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्या विहारात फुलं बंद होती. प्रत्येकाने फुलांऐवजी आपल्या प्यायच्या पाण्यातून तांब्याभर आणायचं, पिंपळाला घालायचं आणि मग वंदनेला बसायचं. हे मला कोण सांगणार? दारातच मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फुलं कावून आणली? पिंपळाला काय फुलं पाजू?"

सगळे हसले. मी मागे वळले आणि चपलेत पाय घालू लागले.

"थांब गं! विषय घेतलाय," मागून आवाज आला. "ही नवी बाई आपल्यात घ्यावी. सूचक मी. अनुमोदक कोण?"

एकही हात वर झाला नाही. पोरांनो, दुसरी चप्पल पायात सरकवावी की काय, असं वाटत असतानाच एक म्हातारेबुवा कुरकुरले, "हात कसा वर करावा, मावशी? पानी सांडंल की! मुंडी हलवली तर चालंल का?"

मी वळून पाहिलं. खरंच, प्रत्येकाने दोन्ही हातांनी तांब्या घट्ट धरला होता, आणि सगळ्या माना हलत होत्या.

"चालंल. मंजूर!" मावशी म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी एक पेला आणला, आपल्या तांब्यातलं निम्मं पाणी त्यात ओतलं आणि माझ्या हातात दिला. "सभासदानं रिकाम्या हातानं उभं ऱ्हायचं न्हाई." माझी फुलं त्यांनीच मूर्तीपुढे नीट मांडली आणि मला म्हणाल्या, "सांच्याला शेळीला घालू. तिचं बी पोट भरंल."

पुढे आजोबांची बदली झाली, तेव्हा निरोपाच्या सभेत मावशींनी आमची बदली सर्वानुमते नामंजूर केली. मी म्हटलं, "मावशी, साहेब लोक ऐकणार नाहीत." त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "न्हाई ऐकलं तर न्हाई. तुझं नाव हितून कमी होणार न्हाई."

मावशी आता नाहीत. पिंपळ मात्र पत्र्याच्या कितीतरी वर गेला आहे, आणि उन्हाळ्यात सभा त्याच्याच सावलीत भरते.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, नव्या शहरात विहार सापडला, पण दोनदा जाऊनही कुणी बोललं नाही. पुन्हा जा. फुलं न्या, पण दारात आधी विचारा, इथे काय कमी आहे? आणि लगेच कुणी हसलं-बोललं नाही तर चपला घालायची घाई करू नका. त्यांचे हात कशात गुंतले आहेत ते पाहा. सूचक म्हणून माझं नाव सांगा. अनुमोदक तिथेच कुठेतरी तांब्या धरून उभा असेल.