समुद्रातली आमची जागा

माझा हात लहानपणापासून चालतो. आई म्हणायची, या पोरीचं तोंड उघडायच्या आधी हात उठतो. त्याच हातानं मी एका माणसाचं डोकं फोडलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दातिवऱ्याला आमची डोलजाळी. समुद्राच्या तळात लांबलचक खुंट ठोकायचे, त्यांना जाळं बांधायचं. पाण्याच्या ओढीनं मासळी आत शिरते. खुंटाची जागा आजोबांपासून आमची. कागद नाही, पण गावाचा नियम पक्का: एक हंगाम जागा रिकामी राहिली की दुसऱ्यानं तिथं खुंट ठोकावा, आधीच्यानं तक्रार करू नये. आणि खुंट ठोकायला दोन होड्या आणि दहा-बारा धडधाकट माणसं लागतात.

ती आणायची कुठून? माझे दोघे भाऊ आखातात जहाजावर. आळीतली निम्मी पोरं तिकडंच, उरलेली बोईसरच्या कारखान्यांत. घरांना टाइल्स लागल्या, होड्या मात्र वाळूत पडून. बाबांनी धाकट्याला किती विनवलं, "पंधरा दिवस ये, खुंट ठोकून जा." तो म्हणायचा, "सोड ना बाबा, मी पैसे पाठवतो हाय ना?" तो हंगाम तसाच गेला.

पुढच्या हंगामात चुलतकाकांनी बोईसरहून रोजावर बाहेरची माणसं आणली आणि आमच्या जागेवर खुंट ठोकले. नियमानं ते बरोबरच होतं. बाबांना हे कळत होतं, म्हणून तर ते जास्त पेटले. एका सकाळी एकटेच होडी घेऊन गेले आणि काकांचं जाळं कोयत्यानं कापून आले.

ते किनाऱ्याला लागले तेव्हा मी वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होते. काका माणसं घेऊन वाटच बघत होते. त्यांनी पहिला दांडका बाबांच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला वलांडीपाशी ऐकू आला. बाबा चिखलात पडले, तरी लाथा चालूच. माझं डोकं फिरलं. मी होडीतलं वल्हं उचललं आणि समोर जो पाठमोरा सापडला त्याच्या टाळक्यात घातलं. एकदा नाही, तीनदा. तो पडला तेव्हा दिसलं, हे काका नव्हेत. रोजावरचा माणूस होता, काकांना मागं ओढत होता. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथं सुकं राहिलं बाजूलाच.

"दीदी, हम तो छुड़ा रहे थे," तो म्हणाला. डोक्यातलं रक्त डोळ्यांवर ओघळत होतं. ते बघून काकांची माणसं मागं सरली, मी वल्हं टाकलं आणि ओढणी त्याच्या डोक्याला बांधली.

एकाच रिक्षानं मी दोघांना पालघरला दवाखान्यात नेलं. वाटेत त्यानं सांगितलं, गावाकडं त्याचं शेत पडीक आहे, घरात कसणारं कोणी उरलं नाही. रागानं नाही सांगितलं. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. सगळं ऐकून पहिलं काय विचारलं त्यानं? "पोलीसकेस नाय ना झाली? माझा पासपोर्ट परत काढायचा हाय, घरी चौकशीला येतात."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण बाबांनी चांगल्या हातानं फोन ओढून घेतला.

"केस नाय झाली," ते म्हणाले. "ती जागा मी तुझ्यासाठी धरून होतो. आता नाय धरत. तू तिकडंच ऱ्हा."

त्यांनी फोन माझ्याकडं दिला. भाऊ रडत होता. मी त्याला गप्प केलं नाही.