मागं न जाणारी जीप

आयुष्यात मी दोनच वस्तू दिसण्यावर भाळून घेतल्या. एक, दिवाणखान्यातला झोपाळा. त्याच्यावर बसलं की गुडघे समोरच्या भिंतीला लागतात. आणि दुसरी, ती हिरवी उघडी गाडी. झोपाळ्यावर निदान कपडे तरी वाळतात, असं माझी बायको उत्कर्षा म्हणते. गाडीबद्दल ती काहीच म्हणत नाही, आणि तेच जास्त लागतं.

पण ही गोष्ट माझी नाही. मुळशीतल्या माले गावच्या विठ्ठलराव ढमाल्यांची आहे. मी तिच्यात फक्त चाकांसकट शिरलो.

मी मूळचा मंगळवेढ्याचा. लहानपणी आमच्याकडे मलेरिया खात्याची एक उघडी जीप यायची. तिच्यातले साहेब काळा चष्मा लावून, एक पाय बाहेर सोडून बसत. घराघरावर तारीख लिहून जाण्यापलीकडे त्यांनी काही केल्याचं आठवत नाही, पण तो बाहेर सोडलेला पाय माझ्या मनात घर करून राहिला. मोठेपणी आपल्याला एक तर जीप मिळणार नाही तर मलेरिया, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. मलेरिया लवकर झाला. जीपला चाळीस वर्षं लागली.

तोवर मी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात स्थिरावलो होतो आणि नांद्याला, कालपरवापर्यंत भात पिकत होता अशा जागेवरच्या सोसायटीत राहत होतो. २००९ साली एका छोट्या कारखान्याने जुन्या छोटेखानी जीपचा नवा अवतार काढला. तेच गोल डोळे, तेच कापडी छत, मागे टांगलेलं तेच जादा चाक. आत मात्र गाणी वाजवणारं यंत्र, मोबाइल चार्ज करायची सोय आणि मागे जाताना मंजुळ सूर काढणारा भोंगा. "सर, फील जुना, बाकी सगळं नवं," सेल्समन म्हणाला. माझ्याबाबतीत नेमकं उलट होतं, म्हणून मी ती लगेच घेतली.

पहिल्या रविवारी मी पाय बाहेर सोडून मुळशी धरणाच्या रस्त्याला लागलो. पायाला दोनदा बाभळीचा फांटा लागला, मग पाय आत घेतला.

सौरभ ढमाले आमच्याच कंपनीत संगणक विभागात होता. माझी गाडी बघून तो म्हणाला, "सर, आमच्या पप्पांकडे ओरिजिनल आहे. माल्याला या एकदा." मी गेलो. ओरिजिनलला आपली गाडी दाखवावी, दोघींची गाठ घालून द्यावी, असा माझा उदात्त हेतू होता.

विठ्ठलराव साठीचे, उंच, आवाज असा की शेजारच्या शेतातल्या माणसालाही वाटावं, आपल्याशीच बोलतायत. माझ्या गाडीभोवती त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. मग बोटाने बॉनेटवर टकटक केलं.

"डबा हाय."

"नवा पत्रा आहे. हलका. डिझेल कमी लागतं."

"म्हंजी डबाच की. आणि ही म्होरची काच निजती का?"

"नाही, पक्की आहे. सेफ्टीसाठी."

"मग नवरदेव लोकास्नी दिसायचा कसा?"

शोरूममध्ये मी बरेच प्रश्न विचारले होते. हा राहून गेला होता.

त्यांची जीप गोठ्याच्या शेजारी, बैलांच्या बरोबरीने उभी होती, आणि तिथेच तिचा हक्क होता. कारण तरुणपणी वडिलांनी त्यांना बैलजोडी आणायला चाकणच्या बाजाराला धाडलं होतं. वाटेत खडकीला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव चालला होता. विठ्ठलराव नुसते बघायला थांबले. संध्याकाळी वडील कासरा हातात घेऊन वेशीवर उभे, आणि समोरून पोरगा जीप घेऊन आला.

"म्हातारं मला काय बोललंच न्हाई," विठ्ठलराव सांगत होते. "आल्या आल्या जीपला येक फेरी मारली आन् इचारलं, हिला दावं कुटं बांधायचं?"

त्या जीपने नांगर ओढला नाही एवढंच. बाकी दूध डेअरीला नेलं, बाळंतिणींना पौडला पोचवलं, निवडून आलेल्या सरपंचांना गुलालात बुडवून मिरवलं. आणि पंचक्रोशीतला प्रत्येक नवरदेव परण्या निघाला तो याच जीपमधून. परण्या म्हणजे बाशिंग बांधून, वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जाणं. काच बॉनेटवर निजवायची, मधे नवरदेव उभा करायचा, सुकाणूवर विठ्ठलराव. जीपला हँडब्रेक नव्हता. त्याऐवजी सीटखाली एक काळा धोंडा असे. त्याचं नाव भैरू. चढावर थांबायचं झालं की विठ्ठलराव ओरडत, "भैरूला घाला रं!" आणि कुणीतरी तो चाकाखाली घाली.

यातूनच गावात एक रिवाज पडला होता. नवरदेव एकदा गाडीत चढला की देवळाच्या पायरीपर्यंत त्याने जमिनीला पाय लावायचा नाही, आणि गाडी एक वीतभरही मागं जायची नाही. संसार मागं जातो म्हणतात.

"फार जुना रिवाज असेल," मी भारावून म्हणालो.

शारदाकाकू, म्हणजे विठ्ठलरावांच्या मालकीणबाई, चहा घेऊन आल्या होत्या. "कसला जुना! जीपचा मागं जायचा गेर मोडला, त्या साली रिवाज पडला. आमच्या लग्नात घोडं हुतं. ते तर मागंच चालायचं."

"आन् तरी झाला न्हवं संसार?" विठ्ठलराव गरजले.

"मी म्होरनं वढला म्हनून!"

त्यानंतर मी वरचेवर माल्याला जाऊ लागलो. पुढच्या उन्हाळ्यात सौरभचं लग्न ठरलं. मुलगी लवळ्याची, जुईली, तिथल्याच एका कॉलेजात नोकरीला. लग्न माल्यातच, मुलाच्या दारी. सौरभ माझ्या टेबलापाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, परण्याला तुमची गाडी द्याल? पप्पांची जीप दर पन्नास पावलांवर बंद पडते. सगळी कंपनी येणार, टीम लीड येणार. वरून तुमचीही दिसते तशीच, फक्त चालू होते."

खरं सांगतो, मला त्यातलं "चालू होते" एवढंच ऐकू आलं. आयुष्यात माझ्याकडून कुणी काही मागितलं तर ते सहसा फाइल नाही तर रजेचा अर्ज. नवरदेवासाठी माझी गाडी! मी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि घरी जाऊन आरशासमोर काळा चष्मा लावून बघितला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गाडीला फुलं लावायला माल्याला गेलो, तर गोठ्याशेजारची जीप नवीकोरी दिसत होती. हिरवा रंग अजून बोटाला लागत होता.

"त्येंनी सोता दिला," शारदाकाकू हळूच म्हणाल्या. "आठ दिस लावून बसलं हुतं. आख्ख्या गावाची पोरं मिरवली, आता माजं मिरवीन म्हनं. मग पोरानं तुमच्या गाडीचं सांगितलं. तवापासनं घरात आवाज न्हाई. सायेब, हे घर इतकं गप कदी न्हवतं."

मी गाडी परत न्यायला निघालो. तोंडाने काय सांगावं ते जुळवत होतो, तेवढ्यात विठ्ठलराव स्वतःच आले. "न्हाई न्हाई, पोराची हौस हाय. तुमचीच गाडी. माजी हाय की आचाऱ्याची पातेली आनायला." आणि ते निघून गेले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परण्या निघाला. काच निजत नसल्याने सौरभला माझ्या शेजारी पाटावर पाट रचून बसवलं होतं, म्हणजे बाशिंग तरी काचेच्या वर यावं. पुढे पौडच्या हाफीजचा बँड. त्याच्यापुढे नाचणारी मंडळी. बँड दोन पावलं जाई आणि एक गाणं उभ्यानेच वाजवी. मी क्लच अर्धा दाबून, अर्धा सोडून, ऐटीत बसलो होतो. चष्मा होता. मलेरियाचे साहेब असते तर त्यांनी मला सलाम ठोकला असता.

मारुतीचं देऊळ टेकाडावर आहे. अर्ध्या चढावर हाफीजने तोंडातून कर्णा काढला आणि नाक वर करून हुंगलं.

"सायेब, काय तरी करपतंय. आचाऱ्याकडनं येतंय का?"

आचारी खाली मांडवात होता. माझ्या पायांखालून धूर येत होता. इंजिन चालू, गिअर पडलेला, मी जोर देतोय, आणि गाडी जागची हलेना. माझा डावा पाय तासभर ज्याच्यावर विसावला होता तो क्लच जळून गेला होता. मग गाडी हलली. मागे.

"मागं न्हाई! मागं न्हाई!" आख्खं गाव ओरडलं. मी घाईघाईने हँडब्रेक म्हणून जे काही ओढलं त्याने माझी सीट पाठीमागे निजली. मी आकाशाकडे बघत झोपलो; पाय ब्रेकपर्यंत पोचेना. काच निजत नव्हती, पण चालक निजत होता. सौरभच्या चुलतभावांनी पाठीमागून गाडी धरली म्हणून ती थांबली.

"सर, सोडायला सांगा हो त्यांना, थोडी खाली जाऊ द्या," सौरभ पुटपुटला. "काय होतंय त्यानं?"

"गप रं!" त्याची आत्या साळूबाई कडाडली. "बाशिंग बांधल्यालं पोर मागं जात न्हाई. आन् खाली पाय लावशील तर बघ!"

आता पुढे जायला क्लच नाही, मागे जायला परवानगी नाही, आणि खाली उतरायला बंदी. मांडवात मुलीकडचे ताटकळलेले. टीम लीड मोबाइलवर फोटो काढत होता. पाठीमागून गाडी धरलेल्या चुलतभावांच्या टाचा मातीत घसरायला लागल्या होत्या. सौरभने एकदा माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा सीट उभी करायचा खटका शोधत होतो. त्याने घाम पुसला, मुंडावळ्या बाजूला केल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पप्पांना बोलवा. जीप घेऊन या म्हणावं."

बोलवायला गेलेला माणूस परत यायच्या आत खालच्या खाचरांतून एक प्रचंड खडखडाट ऐकू आला. भात निघून गेलेल्या कोरड्या खाचरांतून, बांधांवरून उड्या घेत जीप येत होती, आणि तिच्यात आचाऱ्याची पातेली नाचत होती. आम्हाला बाजूने वळसा घालून विठ्ठलरावांनी ती टेकाडावर, आमच्या पुढे काढली. पण आता ती आमच्यापर्यंत यायची कशी? मागं जायचा गेर तर मोडलेला.

विठ्ठलरावांनी इंजिन बंद केलं, मान मागे वळवली, आणि जीप उताराला सोडून दिली. तिच्यात नवरदेव नव्हता, तेव्हा तिला मागं यायला कुणाची हरकत नव्हती. ती हळूहळू, हत्ती पाण्यात उतरावा तशी खाली आली आणि तिचं पाठीमागचं फळकूट माझ्या बॉनेटला टेकलं. टण्ण!

"भैरूला घाला रं!"

भैरू चाकाखाली गेला. सौरभ सीटवर उभा राहिला, शेला सावरत काच ओलांडली आणि माझ्या नव्या गाडीच्या बॉनेटवर उतरला. पहिल्या पावलाला पत्रा खोलगट झाला. दुसऱ्यालाही झाला. तिसऱ्या पावलाला तो बापाच्या जीपमध्ये होता. आत जागा नव्हती म्हणून साळूबाईने एक मोठं पातेलं पालथं केलं आणि त्याला त्याच्यावर बसवलं.

विठ्ठलरावांनी मागे वळून बघितलं नाही. "नीट बस," एवढंच म्हणाले. "पातेलं हलतंय."

आणि मग त्यांनी चावी फिरवली. जीप चालू झाली नाही.

मग सौरभच हसायला लागला, बाशिंगासकट, आणि त्याच्या मागोमाग सगळा चढ हसला. हाफीजने बँडवाल्यांना खूण केली. कर्णे काखेत मारून ते मागे आले. चुलतभावांनी भैरू काढून माझ्या गाडीच्या चाकाखाली सरकवला आणि तेही आले. टीम लीड आला. मीही गेलो. मधेच हात पुसले, तर माझ्या लिननच्या झब्ब्यावर ओल्या हिरव्या रंगाचे दोन्ही पंजे उठले. पुढून आवाज आला, तोच जुना, शेजारच्या शेतात पोचणारा: "सायेब, जोर लावा, नुसतं टेकू नगा!"

देवळाच्या पायरीपाशी जीप थांबली. बँड वाजायला लागला. सगळे नवरदेव उतरायची वाट बघत होते. विठ्ठलराव सुकाणूवर दोन्ही हात ठेवून तसेच बसले होते.

"पप्पा, देऊळ आलं."

"ठावं हाय," विठ्ठलराव म्हणाले. "जरा बस."

तो बसला. हाफीजने ते गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

जेवणं झाल्यावर विठ्ठलराव भैरूला घ्यायला चढावर आले. माझ्या बॉनेटवर नवरदेवाच्या पावलांचे दोन खड्डे होते. त्यांनी ते बोटाने चाचपले आणि समाधानाने मान हलवली. "सायेब, आता कुटं हिला जीपची कळा आली."

क्लच नवा घातला. खड्डे तसेच आहेत, कारण ते काढायला आणखी खर्च करू म्हणायला उत्कर्षासमोर मला तोंड उरलेलं नाही. त्या उन्हाळ्यात माल्याला आणखी तीन लग्नं झाली. तिन्हींना मला आग्रहाचं आमंत्रण आलं. गाडी आणा असं कुणीच म्हणालं नाही. "सायेब, परण्याच्या टायमाला या," विठ्ठलराव फोनवर ओरडले, "आन् झब्बा जुना घाला. ढकलायला मानसं कमी पडत्यात."