मामांची पश्चिम

पश्चिम दिशा नेमकी कुठे आहे हे साऱ्या रायपुरात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, याबद्दल माझ्या मामेसासऱ्यांच्या मनात कधी शंका नव्हती. ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या ओट्यावर बसलं की समोरच्या देवळाचा कळस तो मावळतीला, हे त्यांनी लहानपणी एकदा ठरवलं आणि मग तीच पश्चिम सोबत घेऊन ते जन्मभर हिंडले. पंडरीच्या कापडबाजारात एकदा त्यांनी मला "उगवतीकडच्या शेवटच्या दुकानात जा" म्हणून पाठवलं, तर मामींच्या साडीऐवजी मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. नोकरीमुळे आम्ही रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या क्वार्टरात राहायला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी आमची खाट फिरवली. "उत्तरेकडे डोकं करून झोपून राहिले तुम्ही, अन् मंग म्हनता तब्येत बरी नाई." पुढच्या भेटीत त्यांनी तीच खाट पुन्हा उलटी फिरवली आणि "कोनं फिरवली होती हे?" म्हणून वर आम्हालाच झापलं. दोन्ही वेळा आम्ही खाटेला हात लावला. उत्तर कुठे आहे हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं.

तितकाच त्यांचा जीव होता वडिलांच्या जुन्या काळ्या गाडीवर. गोल दिव्यांची, फुगीर बोनेटची ती गाडी ते रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे. चालवायचेही झोकात, फक्त गाडी मागे घेणं त्यांना येत नसे. वडिलांनी पुढे न्यायला शिकवलं, आणि मागे घ्यायला शिकवायच्या आत ते गेले. नंतर दुसऱ्या कुणाकडून शिकणं मामांना पटलं नाही. त्यामुळे घरापासून चार हात जरी पुढे गेले तरी ते साऱ्या पाऱ्याला, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याला, वळसा घालून परत येत. तेवढ्या वेळात मामींची भाजी निवडून होत असे.

पुढे गुडघा क्लच दाबायला कुरकुरू लागला आणि गाडी विकायचं ठरलं. उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका कारखानदाराला ती मुलाच्या वरातीसाठी हवी होती. तो सकाळी न्यायला येणार, आणि आदल्या दुपारी मामा मला म्हणाले, "जावईबापू, एक फोटू काढून द्या. बाबूजी हापिसातून येत ना, तवा उन्हं उतरलेली रायत अन् बोनेट कसं पिवळंजर्द दिसे. तसा पायजे. उद्या गाडी नसन, मंग मी काय पाहू?" शेवटचं वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले. मी कॅमेरा घेतला.

मामांच्या वडिलांच्या, बाबूजींच्या गल्लीत आता दोन्ही बाजूंना मजले चढलेले, ऊन खाली पोचतच नाही. म्हणून मामींनाही मागे बसवून आम्ही नव्या राजधानीच्या मोकळ्या रस्त्यांवर गेलो, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. चौकातून फुटणारे चारही रस्ते एकसारखे रुंद, एकसारखे रिकामे, मधल्या दुभाजकातली रोपंसुद्धा एकाच उंचीची. खूण धरावी असं एक देऊळ नाही. मामांनी मोठ्या विश्वासानं गाडी उभी केली ती सूर्याकडे नेमकी पाठ करून.

"अहो, सूर्य तर मागं हाये," मामी म्हणाल्या.

"तो सरकला असन तिकडं. पश्चिम हेच हाये."

बोनेटवर अंधारी सावली पडलेली पाहून मात्र ते पुन्हा गाडीत बसले. जागच्या जागी वळवणं शक्यच नव्हतं. चौकाला वळसा घातला तो निघालो भलत्याच रस्त्यानं, आता सूर्य डाव्या हाताला. पुन्हा चौक, पुन्हा वळसा, आणि तो चौक मघाचाच की दुसरा, हे तिथे राहणाऱ्या मलाही सांगता येईना. सूर्य भराभर खाली चालला होता. मामांच्या कपाळावर घाम आला. "काहून असं होऊन राहिलं?" ते हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना दिशेबद्दल प्रश्न विचारताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

गाडी अखेर हवी तशी उभी राहिली तेव्हा सूर्य बुडून गेला होता. मामा उतरले आणि बोनेटसमोर जाऊन उभे राहिले. मामी त्यांच्या शेजारी. "राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. तरी मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तेवढ्यात रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम लागले. दिवा लागला की हात जोडायचे ही त्या घरची जन्माची सवय. दोघांचेही हात आपोआप जुळले, डोळे मिटले, आणि त्यांच्यासमोर त्या पिवळ्या दिव्यांत बोनेट पिवळंजर्द उजळलं. माझ्याकडून बटण कधी दाबलं गेलं ते मला कळलं नाही.

तो फोटो आता त्यांच्या बैठकीत आहे. नमस्कार कोणाला चाललाय, असं पाहुणे विचारतात. मामी सांगतात, दिव्याला. मामा जुन्या धोतराच्या फडक्यानं फोटोची काच पुसतात. परवा गेलो तेव्हा ते मान वळवून फोटोकडे बघत बसले होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, ह्याच्यात पश्चिम कोनतीकडं हाये?"

मी बोनेटवर बोट ठेवलं.

"हव," मामा म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची तिकडे वळवून घेतली.