पुण्याचा कौल

मॅट्रिकचा निकाल लागला आणि पुढच्या पंधरवड्यात आमच्या घरी दोन पत्रं आली. एक मुंबईच्या कॉलेजचं, एक पुण्याच्या. दोन्ही कॉलेजं खाजगी संस्थांची. मुंबईत मला कलाशाखेला प्रवेश मिळाला होता, पुण्यात विज्ञानशाखेला. एक ओळ मात्र दोन्हीकडे सारखी होती: शाळा सोडल्याचा अस्सल दाखला मुदतीच्या आत आणून द्यावा. दाखला एकच. तो एका ठिकाणी गेला की दुसरीकडची जागा गेलीच.

स्वातंत्र्य येऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. पनवेलच्या खाडीकाठच्या आमच्या पाड्यात मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. बाबा मिठागरावर मुकादम होते, पावसाळ्यात आगर बंद झालं की भातशेती करायचे. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात. लिहिताना मी अहो-जाहो करते, तेवढा शिक्षणाचा परिणाम समजा.

मला विज्ञानच शिकायचं होतं. लहानपणी आगराच्या बांधावर बसून मी बाबांना विचारायची, पाण्यात न दिसणारं मीठ उन्हात वर कसं येतं? ते म्हणायचे, "देवीची करनी." शाळेतल्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, कॉलेजात गेलीस तर रसायनशास्त्रात कळेल. त्या दिवसापासून मी कॉलेज डोक्यात घेतलं. आणि मी एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सगळं घर डोक्यावर घेते, असं आई म्हणायची. काही खोटं नव्हतं.

बाबांचं मन मुंबईकडे ओढत होतं. मामा तिथे गिरणीत होता, पाड्यातली निम्मी तरणी माणसं गोदीत कामाला. कोणी ना कोणी दर आठवड्याला येणार-जाणार, पोरीची खबर मिळत राहणार. पुणं म्हणजे घाटापलीकडचा परमुलूख. तिथे मला वसतिगृहात राहावं लागणार होतं, आणि ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

आमच्या घरात कौल घेतल्याशिवाय काही होत नसे. आगरात पहिलं पाणी घ्यायचं, बैल बदलायचा, सोयरीक जमवायची, आधी देवीला विचारायचं. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबा एका सकाळी कोणाला न सांगता देवळात गेले. परत आले ते दारातच म्हणाले, "देवीनं मुंबईचा कौल दिलाय. दाखला दे, उद्या मामाकडं धाडतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाखला माझ्या पेटीत होता आणि पेटीची किल्ली माझ्या कमरेला. मी किल्ली मुठीत धरली आणि विचारलं, "देवीला विचारलं काय तुनं?"

"मुंबईला धाडू का, आसा."

"आनि पुन्याचं?"

"एक कौल मिलाला, मंग दुसरा कशाला?"

तिथेच बाबा चुकले. दादासाठी दोन स्थळं आली होती तेव्हा दोन्ही मुलींच्या नावानं त्यांनी कौल मागितला होता. एकीचा मागायचा आणि दुसरीचा नाही, हा देवीपुढं पक्षपात होतो, हे त्यांचेच शब्द. ते मी त्यांना जसेच्या तसे ऐकवले. आई चुलीपुढून म्हणाली, "बोलली ती बराबर हाय."  बाबा पागोट्याचं टोक चघळत बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन देवळात गेले. घेऊन गेले हेच खरं, कारण त्यांचा पाय निघत नव्हता. पुण्याची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. मी गुरवाला सांगितलं, पुण्याचा कौल लावायचाय. गुरवानं माझ्याकडे पाहिलंच नाही, बाबांकडे पाहिलं. "लावू?" त्यानं विचारलं. बाबांनी मान हलवली.

कळ्या लावून झाल्या. गाऱ्हाणं झालं. मी हात जोडले होते, पण डोळे मिटायची माझी हिंमत नव्हती. डावी कळी खाली सरकल्यासारखी वाटली. मी देवीला मनातल्या मनात चक्क दम दिला. मग उजवी कळी टपकन पडली.

"होय बोलली," गुरव म्हणाला. "दोनीला होय. आता तुमी बघा." आणि तो आत निघून गेला.

परतीच्या वाटेवर बांधावरून चालताना बाबा म्हणाले, "दोनीतला कंचा बरा, आसा तिसरा कौल लावू."

"नाय," मी म्हटलं. "देवीनं तिचं काम केलंय. आता मी सांगतंय. मी पुन्याला जानार."

"तिथं कोन हाय तुला?"

"कोन नाय. मी हाय ना."

एवढ्या मोठ्यानं मी बापाशी कधी बोलले नव्हते. शेजारच्या शेतात आवणीला, भाताची रोपं लावायला, वाकलेल्या बाया सरळ उभ्या राहून बघायला लागल्या. मला भीती वाटली नाही असं नाही. पण शब्द मागे घ्यायचा नाही, हे ठरलेलं होतं. बाबा घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "सकालची पयली एश्टी कवा हाय ती बघ."

पुण्याच्या कॉलेजात दाखला मी माझ्या हातानं टेबलावर ठेवला. कारकुनानं तो फाईलला टाचला, अर्जावर बाबांचा अंगठा घेतला आणि पुढच्या मुलीला हाक मारली. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं ते काम दोन मिनिटांत उरकलं.

बाबा मला वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडायला आले. पेटी खाली ठेवली तरी जाईनात. शाईनं निळा झालेला अंगठा ते धोतराला पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मी त्या दिशी देवलात एकटा गेलतू ना, तवा पयला कौल पुन्याचाच मागला. देवीनं लगेच दिला. माजं मन घाबरलं. मंग मुंबईचा मागला, आनि तेवराच घरी सांगितला."

गुरव का तसा बघत होता ते मला आत्ता कळलं. देवीच्या नावावर साधी शपथही न घेणारा माझा बाप, मला जवळ ठेवायला देवीच्या नावावर खोटं बोलला होता. संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

"आता देवीला काय सांगू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते.

"सांग, पोर रागावली नाय," मी म्हटलं.

ते समाधानानं निघून गेले आणि दुसऱ्याच दिवशी देवळात जाऊन त्यांनी देवीला तसं सांगितलंही. मी मात्र दिवाळीपर्यंत रागावलेलीच होते. म्हणजे देवीला मध्ये घालून खोटं बोललेली आमच्या घरात दोन माणसं झाली.