जुळलं की जुळवलं

ऑफिसात एक प्रश्न मी इतक्या वेळा विचारला आहे की माझी पाठ वळली की सहकारी माझ्याच आवाजात तो म्हणून दाखवतात, "जुळलं, की जुळवलं?"

चिकलठाण्याला एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं काम चालतं. कुणी पंप बनवतं, कुणी व्हॉल्व्ह. आतून पाणी किंवा हवा कशी वाहील याचं गणित ते संगणकाकडून करून घेतात, आणि त्यावर किती विसंबायचं ते आम्ही सांगतो. नळ हळू सोडला तर धार सरळ पडते. पुरता सोडला की फुटते, पांढरी होते, भलतीकडं उडते. ते फुटणं, म्हणजे टर्ब्युलन्स, रोजच्या संगणकाला पुरतं झेपत नाही. थोडं तो मोजतो, बाकीचं अंदाजाने भरून काढतो. अंदाज जरा इकडंतिकडं सरकवला की उत्तर हवं तसं येतं. प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याशी आपसूक मिळालं ते जुळलं. सरकवून मिळवलं ते जुळवलं. पडद्यावरचे लाल-निळे रंग दोन्हीकडं सारखेच देखणे दिसतात, म्हणून मला त्या रंगांचा रागच येतो.

घरी याची टिंगल होते. दूध उतू गेलं तरी ताई आधी विचारील, मोजलं कुणी, असं धाकटा भाऊ म्हणतो.

मग हिवाळ्यात अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, छातीत दाटायला लागलं. बिडकीनजवळच्या शेतातून घरापर्यंत येताना ते वाटेत बसू लागले. शहरात आणून स्कॅन केलं, तर हृदयाच्या एका नळीत अरुंद जागा निघाली. त्या जागेपलीकडं रक्ताचा दाब किती घटतो, हे स्कॅनवरून संगणकाने काढलं होतं. आकडा चांगल्या बाजूला होता, पण केसभरच.

डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "गोळ्यांवर भागेल असं रिपोर्ट म्हणतो. शंका असेल तर मनगटातून बारीक तार नेऊन दाब प्रत्यक्ष मोजता येतो. या वयात त्यात थोडा धोका आहे. तुम्ही ठरवा."

मी विचारलं, "इतक्या अरुंद जागेतून रक्त बाहेर पडताना फुटतं. तिथं या गणितावर किती भरवसा ठेवायचा?"

"आकडा हद्दीपासून लांब असेल तर बराच," त्या म्हणाल्या. "हद्दीवर असेल तर मलाही सांगता येणार नाही."

बाहेर येताच भाऊ चिडला. "नॉर्मल म्हणतेत ना? हातच्या काकणाला आरसा कशाला? म्हाताऱ्या माणसाच्या काळजात तार घालायचं तुला सुचतंच कसं?"

"आकडा बांधावर बसलाय. कुठल्या बाजूचा, तेच कळत नाही."

"ताई, तुझा पंप नाय तो. बाप हाय."

ऑफिसात आकडा हद्दीवर आला की मी डोळे झाकून चाचणी करायला लावते. फार तर एक पंप जातो. इथं चाचणी अण्णांच्या जिवावर व्हायची होती. मला भीती वाटली, आणि भीतीइतकाच मोहही झाला. रिपोर्ट मला हवा तसाच आला होता, मग खरा का मानू नये? आजवर ज्यांना झापलं, ते सगळे अशाच कुठल्यातरी मोहाने आकडे जुळवत असतील. पहिल्यांदाच मला त्यांची कीव आली.

अण्णांना मी काही लपवलं नाही. "संगणक म्हणतो भागेल. मला तेवढी खात्री नाही. तार घालून मोजावं असं वाटतं. त्यात धोका आहे, अण्णा."

त्यांनी भावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घाला मंग," म्हणाले.

त्यांना आत नेल्यावर भाऊ माझ्याशेजारी बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. काही वाईट झालं तर तो आयुष्यभर माझं तोंड पाहणार नाही, हे मला दिसत होतं, आणि मलाही आरशात पाहवलं नसतं. डॉक्टरबाई बाहेर आल्या. तारेचा आकडा संगणकाच्या आकड्याला जवळजवळ धरूनच होता. गोळ्यांवर भागणार होतं. भावाने हात जोडले आणि पाणी आणायला निघून गेला. मी रडले.

अण्णांचं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

"जुळलं म्हणं," ते म्हणाले.

"हो."

"मंग तार फुकटच घातली की."

एकदा जुळलं म्हणजे पुढच्याचंही जुळेल असं नसतं, हे मी इतरांना तासभर समजावू शकते. त्या मनगटाखाली मी उशी सरकवली.

मग त्यांनी विचारलं, "अन् गणित तुझ्या हातचं असतं, तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण बोलले नाही. "तरी घातली असती."

त्यांनी मान मागं टेकवली. रागावले नव्हते, थकले होते. "भरवसा ठेवायला येतच नाय का गं तुला?"

"येतो, अण्णा," मी म्हणाले. "तुमच्या जिवाच्या बाबतीत नाही येत."