नेस्टा, एम्लिन आणि जास्तीची खोली

नेस्टा हॉवेल्सला सकाळी अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवायचं काम मी सात वर्षं केलं. साडेआठला मी पोचायचे तेव्हा तिचा नवरा एम्लिन चहा करून, तिच्या गोळ्या बशीत काढून बसलेला असायचा.

वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या आमच्या गावात नेस्टाला न ओळखणारं माणूस सापडणं अवघड. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सतरा वर्षं काढली. तिच्या हातचं कस्टर्ड खाऊन आमची एक अख्खी पिढी वाढली, त्यात मीही. एम्लिन पावाची गाडी चालवायचा. नेस्टाला चाळिशीत मल्टिपल स्क्लेरोसिस झालं. आधी हातातून डाव निसटायला लागला, मग पाय गेले. एम्लिनने गाडी सोडली आणि घरी राहिला.

घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं, बैठं, दोन झोपायच्या खोल्यांचं. मोठ्या खोलीत नेस्टाचा दवाखान्यातल्यासारखा पलंग, त्यावर सतत घुरघुरणारी हवेची गादी, आणि छताच्या पट्टीवरून सरकणारी झोळी. त्या झोळीत घालून आम्ही तिला उचलायचो. लहान खोलीत एम्लिनची एकेरी खाट.

२०१३ च्या मार्चमध्ये कौन्सिलचं पत्र आलं. एम्लिनचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नव्हता, म्हणून मी कागद धरला आणि नेस्टाने वाचलं.

"नवरा-बायकोला एक खोली पुरते म्हणे. आपल्याकडे एक जास्तीची आहे. म्हणून एप्रिलपासून भाड्याची मदत चौदा टक्क्यांनी कमी."

"जास्तीची कुठली?" एम्लिनने विचारलं.

"तू झोपतोस ती."

नेस्टाने माझ्याकडे पाहून डोळा मारला. "सरकारचं म्हणणं आहे, आपण दोघांनी एकत्र झोपावं. माझी काही हरकत नाही बाई. याला विचार."

तो हसला, पण कप घेऊन स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

पत्रासोबत सल्ल्याचा एक कागद होता. लहान घरात जा, नाहीतर खोलीत भाडेकरू ठेवा. नेस्टा म्हणाली, "ठेवू या की. देखणा बघा. आणि स्वयंपाक येणारा." लहान घराचीही चौकशी झाली. एका खोलीचं एकच घर रिकामं होतं, टेकडीवर, बावीस पायऱ्या चढून.

मग एम्लिनने न सांगता आपली गादी नेस्टाच्या पलंगाशेजारी जमिनीवर टाकली. "मी इथेच झोपतो. खोली भाडेकरूसाठी रिकामी आहे म्हणून कळवून टाकू." पण गादी पसरली की झोळी फिरवायला जागाच उरत नव्हती. गादीच्या पंपाच्या आवाजाने त्याचा डोळा लागेना. नवव्या दिवशी तो सकाळी उशिरापर्यंत तिथेच झोपलेला; मी आत शिरले ती त्याच्या पायात अडखळून सरळ कपाटावर आपटले.

"बास झालं," नेस्टा म्हणाली. "एक अपंग पुरे आहे या घरात. ऊठ, आणि अपिलाचा अर्ज भर."

अर्ज केल्यावर कौन्सिलचे बेडोसाहेब पाहणीला आले. साहेब कसले, शाळेत नेस्टाच्या हातून दोनदा कस्टर्ड मागून घेणारा ह्यू बेडो. टेप घेऊन त्याने खोली मापली, पलंग मापला, उरलेली जागा मापली, आणि कान लाल करून उभा राहिला.

"मिसेस हॉवेल्स, इथे दुसरी खाट मावत नाही, हे मी लिहीन. पण नियमात जागेचा प्रश्नच नाही. जोडपं म्हणजे एक खोली, एवढंच आहे."

"तुझा काय दोष रे ह्यू," ती म्हणाली. "खरं तेवढं लिही. आणि बस, चहा घे."

ऑक्टोबरमध्ये पाँटिप्रिथला सुनावणी झाली. नेस्टाने यायचा हट्ट धरला. खुर्ची चढवता येणारी टॅक्सी ठरवली, तिला निळा कोट घातला, आणि साक्षीला म्हणून मी बरोबर गेले. न्यायाधीशबाई साठीच्या होत्या. त्यांनी शांतपणे एम्लिनला विचारलं, "तुम्हाला वेगळी खोली का लागते, तुमच्या शब्दांत सांगा."

एम्लिनला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. पलंग, पंप, झोळी असं काहीतरी तो पुटपुटला. मग मान खाली घालून म्हणाला, "आणि मी घोरतो. तिला त्रास होतो. आठ वर्षांपूर्वी तिनेच सांगितलं, म्हणून मी दुसऱ्या खोलीत गेलो."

"तो घोरत नाही," नेस्टा म्हणाली.

एम्लिनने वळून तिच्याकडे पाहिलं.

"कधीच घोरला नाही. बाई, माझे पाय माझ्या ताब्यात नाहीत. झोपेत असे झटके येतात की लाथ कुठे बसेल सांगता येत नाही. एकदा याच्या बरगडीला तडा गेला. यानं सगळ्यांना सांगितलं, गाडीच्या फळीवरून पडलो. मलाही तेच सांगितलं. पण मी जागी होते. मला माहीत होतं. माझ्यामुळे लागतं म्हणून जा म्हटलं असतं, तर हा हलला नसता. म्हणून घोरतोस म्हटलं."

एम्लिन हळूच म्हणाला, "अगं, आठ वर्षं मी नाकाला ती घोरण्यावरची पट्टी लावून झोपतोय."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. कौन्सिलच्या माणसाने कागदांत डोकं घातलं. नेस्टाला हात उचलता येत नव्हता, म्हणून एम्लिननेच तिचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. पुढचे सगळे प्रश्न संपेपर्यंत तो तिथेच होता.

सहा आठवड्यांनी निकाल आला. हॉवेल्स जोडप्याला दोन खोल्यांची गरज आहे, कापलेली मदत परत द्यावी. सगळ्यांचं असं झालं नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका जोडप्याचं अपील त्याच वर्षी फेटाळलं गेलं, आणि नियम बदलायला पुढे तीन-चार वर्षं गेली. नेस्टाला त्या जोडप्याचं फार वाईट वाटलं. तिने माझ्याकडून त्यांना पत्र लिहून घेतलं आणि दर नाताळला कार्ड पाठवत राहिली.

त्या दोघांत मात्र काहीतरी सैल झालं. दुपारी जेवण झालं की एम्लिन पलंगाची कड खाली करायचा, खुर्ची अगदी लावून घ्यायचा आणि डोकं तिच्या उशीवर टेकवून अर्धा तास पडायचा. पाठ दुखायची त्याची. एकदा मी औषध द्यायला अवेळी गेले, तर दोघं गाढ झोपलेली. मी तशीच परत फिरले.

नेस्टा २०१८ च्या फेब्रुवारीत गेली, न्यूमोनियाने, चार दिवसांत. अंत्यसंस्काराला शाळेत तिच्या हातचं खाल्लेली अख्खी पिढी आली होती. ह्यू बेडो मागच्या बाकावर बसून रडत होता.

मे महिन्यात एम्लिन स्वतःच कौन्सिलमध्ये गेला. "आता खोली खरंच जास्तीची आहे," तो मला म्हणाला. "दाराशी खुर्चीसाठी उतार आहे, रुंद दारं आहेत, झोळी आहे. एकटा मी काय करू त्याचं?"

घर मिळालं टेगविन नावाच्या बाईला. तिची नऊ वर्षांची मुलगी चालू शकत नव्हती, आणि तोवर टेगविन तिला पाठीवर घेऊन जिना चढत होती. किल्ली द्यायच्या दिवशी एम्लिनने झोळी कशी लावायची ते तिला तीनदा दाखवलं. मग मुलीच्या खुर्चीजवळ वाकून म्हणाला, "पलंगाचं डोकं या भिंतीला ठेवायला सांग हं आईला. इथून डोंगर दिसतो. मेंढ्या उतरल्या की मोजता येतात."

"किती असतात?" मुलीने विचारलं.

"तूच मोज, आणि मला सांग," तो म्हणाला.

आता तो बसथांब्यामागच्या एका खोलीच्या घरात राहतो. गुरुवारी मी जाते, आणि चहा अजून तोच करतो.