जाळरेषेवरचे देवजीकाका

जंगलात सायकल चालवताना प्रत्येक वळणाआधी देवजीकाका मोठ्याने म्हणत, "येतोय रे, येतोय!" वळणापलीकडे बहुधा कोणीच नसे. सागाची सुकी पाने, एखादी खार, नाहीतर नुसताच उन्हाचा कवडसा. मी एकदा विचारले, "काका, कोणाला सांगता?" ते म्हणाले, "डुक्कर असंल, ससा असंल, मोळीवाली बाय असंल. ती समदी हितली. आपण बाहेरून येतो, तर सांगून यायला नको?"

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. चाळिशी ओलांडल्यावर सायकलचे वेड लागले. पण बोईसरच्या रस्त्यांवर टँकर असे अंगावरून जात की एकदा माझी ओढणी एकाच्या कडीत अडकता अडकता राहिली. मग मी खाली वाकलेल्या हँडलची, जाडसर टायरची, माती-खडीवर चालणारी ग्रॅव्हल बाईक घेतली आणि गाड्या नसलेली वाट शोधत बेटेगावच्या पुढे, डोंगराच्या बाजूला वळले. तिथे सागाच्या जंगलातून जंगलखात्याची जुनी जाळरेषा जाते. वणवा एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ नये म्हणून झाडे-गवत काढून मोकळा ठेवलेला तो पट्टा. मुरूम, बारीक खडी, मधेच सपाट कातळ. दोन तास चालवा, एकही इंजिन ऐकू येत नसे.

पहिल्याच दिवशी मी उतारावर घसरले. गुडघा फुटला. मी बसून फुंकर घालत होते, तेव्हा मागून "येतोय रे" ऐकू आले आणि काळ्या, मडगार्ड नसलेल्या सायकलवरून एक उंच म्हातारा आला. खाकी सदरा, पायात काही नाही. त्यांनी आधी माझ्या गुडघ्याकडे नाही, माझ्या टायरकडे पाहिले. अंगठ्याने दाबून म्हणाले, "बाय, किती हवा भरली हायस! एवढ्या टणक चाकाला माती कशी कळंल?" आणि मला न विचारता त्यांनी दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडली. "आता बस. आन् हँडल आवळू नको. नुसता हात ठेव. पुढचं चाक थोडं हलतं, त्याला हलू दे."

त्या दिवसापासून मी खडीवर पडले नाही.

देवजीकाका जंगलखात्यात वनमजूर होते. तीस वर्षे याच पट्ट्यावर सायकलने फिरून त्यांनी वणवे विझवले, गवत कापले, झाडे मोजली. निवृत्त झाले तरी रोज सकाळी एक फेरी मारत. मी रविवारी जाई. त्यांचा पाडा जाळरेषेच्या टोकाला होता; कमळीकाकी, त्यांची बायको, गुळाचा कोरा चहा देत. मग आम्ही निघत असू, ते पुढे आणि मी मागे. ते फार बोलत नसत. मोहाच्या झाडाखाली सायकल लावून बसले की म्हणत, "दम खा, बाय. वाट कुठं पळून नाय चालली."

एका रविवारी बाजूची खैराची फांदी त्यांच्या खांद्याला लागून सदरा फाटला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झाले. समोरचे त्यांना दिसत होते, कडेचे दिसत नव्हते. मी त्यांना पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितले की काचबिंदू आहे, फार उशीर झाला आहे, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घाला, उरलेली जितकी टिकेल तितकी टिकेल.

परतताना काकांनी विचारले, "चष्मा कदी देतो म्हनं?"

मी म्हणाले, "चष्म्याचं काम नाही, काका."

त्यांनी थेंबांची बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरं. पुढचं दिसतंय ना. कडेचं बघायचं काम नाय आता माजं."

वर्षभरात पुढचेही धूसर झाले. तरी ते सायकल काढत. मी कमळीकाकींना म्हणाले, "त्यांना अडवा." त्या चुलीसमोरून उठल्यादेखील नाहीत. "तू नको सांगू त्याला, बाय. घरात बसला तर मरंल तो." आणि खरेच, जाळरेषेवर त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. चाकाखाली पाने कुरकुरली की साग, खडी वाजली की चढ, आवाज एकदम बंद झाला की कातळ आणि पुढे डावीकडे वळण. मी मागून बघत असे. माझ्या डोळसपणापेक्षा त्यांचे आंधळेपण सरळ चालत असे.

मग पलीकडच्या डोंगरात दगडाच्या खाणीला परवानगी मिळाली आणि तिथे जायचा रस्ता जाळरेषेवरूनच आखला गेला. एका सकाळी आम्ही मोहाखाली बसलो असताना त्यांचा हात खोडावर फिरत होता. तो मधेच थांबला. साल तासलेली होती आणि आत आकडा कोरलेला, तोडायच्या झाडांवर घालतात तसा.

"नंबर घातलाय," ते म्हणाले.

"हो. लाल रंगही लावलाय. पुढेही सगळीकडे."

"मीच घालायचो पूर्वी. साहेब सांगायचा, मी घालायचो. किती झाडांना घातले!" त्यांनी हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला.

मी रस्त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पाड्यातल्या सगळ्यांनी सह्या, अंगठे दिले. तो घेऊन मी तीन कार्यालयांत गेले. एकात सांगितले, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यात सांगितले, उशीर झाला. तिसऱ्यातला कारकून भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाला, "मॅडम, परवानगी वरून आलीय. मी अर्ज घेतो, पण तुम्ही आशा ठेवू नका." आमच्या कारखान्यात तेव्हा नव्या शेडचा पाया भरत होते. ट्रक भरभरून खडी येत होती. ती कुठल्या डोंगराची, हे मी कोणाला विचारले नाही.

झाडे चार दिवसांत पडली. मी काकांना निक्षून सांगितले होते, आता सायकल काढायची नाही. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी काढली. पाने नव्हती, कातळ फोडला होता. कडेला खणलेल्या चरात ते सायकलसकट गेले. मी पोचले तेव्हा खांदा बांधून ओट्यावर बसले होते.

मी रागावले. "काका, मी सांगितलं होतं ना?"

"मी नाय चुकलो, बाय," ते शांतपणे म्हणाले. "वाट चुकली."

त्यानंतर ते ओट्यावरच असत. मी तिथे सायकल नेणे बंद केले, स्कूटरने जाई. ते विचारत, "आज काय काय दिसलं?" मी सांगत असे, धूळ, डंपर, एक पोकलेन. ते ऐकून घेत आणि पुन्हा विचारत, "आन् दुसरं?" दुसरे काही नसे. एकदा मी खोटेच सांगितले की ससा दिसला. ते हसले नाहीत. म्हणाले, "राहू दे. तुला येत नाय."

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. दवाखान्यात यायला ते तयार झाले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यांचा मुलगा बोईसरहून आला, मीही सुट्टी टाकून गेले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. तिथे सगळा पाडाच निघाला, मीही निघाले. जाळायची जागा ओहोळापाशी, नव्या रस्त्याच्या पलीकडे.

आम्ही रस्त्याच्या कडेला आलो तेव्हा खाणीतून भरलेल्या डंपरांची रांग उतरत होती. एक गेला, त्यामागे दुसरा. खांदेकरी थांबले. पुन्हा एक. कमळीकाकींनी पदराने तिरडीवरची धूळ झटकली, लगेच नवी बसली. मी रस्त्यात पाऊल टाकून हात वर केला. चालकाने वेग थोडा कमी केला, खिडकीतून डोके काढून तिरडी पाहिली, एका हाताने नमस्कार केला आणि ओरडला, "मॅडम, हट जाइए, उतार है, गाड़ी रुकेगी नहीं!" त्याचेही खरे होते. मी मागे आले.

बऱ्याच वेळाने दोन गाड्यांमध्ये थोडी फट पडली. मुलगा म्हणाला, "आता. चला, चला." आणि देवजीकाकांना खांद्यावर घेऊन आम्ही सगळे तो रस्ता धावत ओलांडला.